रेण्वीय स्फटिकांतील असाधारण उष्मीय प्रसरण

‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हे वाक्य पांढुर्णा आणि सौंसर येथील वर्गांतून बहुधा रुळांच्या दाखल्यासह शिकवले जाते. दाखला घरचाच आहे, कारण नागपूर-इटारसी लोहमार्ग पांढुर्ण्यातून जातो. पोलादाची लांबी दर अंशाला सुमारे १२ दशलक्षांशांनी वाढते. १३ मीटरचा रूळ ५० अंशांनी तापला तर तो जवळजवळ ८ मिलिमीटर लांबतो. जुन्या मार्गांवर जोडांत फट ठेवीत ती यासाठीच. पुढे होपच्या उपकरणासह ४ अंशांखालील पाण्याचा अपवाद येतो आणि धडा संपतो. नियम एक, अपवाद एक, असा हिशेब विद्यार्थ्याच्या मनात पक्का होतो. हा हिशेब खरा नाही, आणि तो दुरुस्त करण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापकालाच करावे लागते.

प्रसरणाचे मूळ कणांच्या हालचालीत आहे. दोन कणांना अधिक जवळ ढकलणे फार कठीण, दूर सारणे त्या मानाने सोपे. म्हणून कंपन वाढले की त्यांतील सरासरी अंतर वाढते. पोलादात अणू घट्ट बांधलेले असतात. कापूर, नॅफ्थलीन, साखर यांसारख्या रेण्वीय स्फटिकांत मात्र रेणूच्या आत बंध मजबूत असले, तरी रेणू-रेणूंमधील ओढ दुबळी असते. त्यामुळे अशा स्फटिकांचे प्रसरण सामान्यतः पोलादाच्या काही पट असते. शिवाय अखंड रेणूला डुलता, कलता, कधी कधी गरगर फिरताही येते. असाधारण वर्तन येथूनच सुरू होते.

येथे शब्दांचा एक घोटाळा लक्षात घेण्याजोगा आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील या दोन तहसिलींत घरी मराठी, पुस्तकात हिंदी आणि काही घरांत उर्दू असते. मराठीतला ‘स्फटिक’ हिंदीत ‘रवा’ही होतो आणि उर्दूत ‘कलम’. संत्र्याच्या बागांतल्या मुलाला कलम म्हणजे रोप वाटणारच. ‘कलमी सोरा’ हा बाजारातला शब्द मात्र तिन्ही भाषांना ओळखीचा आहे. तो फळ्यावर लिहिला की अर्थ उलगडतो.

कापूर आरतीच्या ताटात असतो आणि कफनाच्या तयारीतही, म्हणून उदाहरणाला तोच बरा. त्याचा रेणू जवळजवळ गोलसर आहे. इथल्या हिवाळ्यातही तो स्फटिकातली आपली जागा न सोडता दिशा बदलत राहतो. कापूर बोटांनी सहज चुरडतो त्याचे एक कारण हेच. अशा पदार्थांत रेणू फिरू लागण्याच्या तापमानाला आकारमान एकदम वाढते, कारण फिरणाऱ्याला जागा अधिक लागते.

आकुंचनाचे कोडे दोरीवरच्या उड्यांनी सुटते. फिरणाऱ्या दोरीचे पोट जितके फुगते तितकी तिची टोके जवळ येतात. लांबट रेणू आडवे डुलू लागले की त्यांच्या लांबीच्या दिशेने स्फटिक असाच आखडू शकतो. दुसरी तऱ्हा चॅनल गेटची: जाळी रुंद ओढली की तिच्या चौकटींची उंची घटते. दीनबंधू दास, टिया जेकब्स आणि लेनर्ड बार्बर यांनी २०१० साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये एका साध्या सेंद्रिय डायऑलचे असेच वर्तन नोंदवले. त्याचे डंबेलच्या आकाराचे रेणू तापताना एकजुटीने कलतात. परिणामी स्फटिक एका दिशेने पोलादाच्या कितीतरी पट वाढतो आणि त्याच वेळी दुसरीकडे आखडतो. एकच वस्तू, एकच तापमान, आणि दोन्ही उत्तरे बरोबर!

ही केवळ गंमत नाही. श्वसनविकारांवरील ऑक्सिट्रोपियम ब्रोमाइड या औषधाचे स्फटिक तापवले असता उडतात, हे २०१० मध्येच सविस्तर प्रसिद्ध झाले. रेणूच्या आतील घडण बदलते, स्फटिक एका दिशेने झपाट्याने ताणला जातो आणि साठलेला ताण उडीने मोकळा होतो. औषधाचा स्फटिक तापल्यावर कसा वागतो, हे कारखानदाराला आधी ठाऊक असावे लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. क्ष-किरणांनी मिळणारे चित्र सरासरीचे असते. स्टिल्बीनचा रेणू स्फटिकात सायकलच्या पायडलसारखा हलतो, म्हणून त्याचा मधला दुहेरी बंध तापमान वाढताच आखूड झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात बंध आखडलेला नसतो; हालचालीमुळे तो तसा भासतो. स्फटिकाचे आकुंचन खरे आणि बंधाचे आकुंचन भासमान, हा फरक पदवीच्या वर्गात सांगितलाच पाहिजे. परीक्षेतही ‘उष्णतेने पदार्थ ____ पावतात’ ही गाळलेली जागा काढून टाकावी आणि ‘कोणत्या दिशेने, आणि कोणत्या हालचालीमुळे?’ असे विचारावे. उत्तर लिहायला चार ओळी अधिक लागतील. गुणही चार अधिक ठेवावेत.