मऊ रबर पोलादाला कसे झिजवते?

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या जुन्या विहिरीचा काठ पाहा. पोहऱ्याच्या दोराने काळ्या दगडात खाचा पाडलेल्या दिसतील. दोर मऊ खरा. पण त्याला चिकटलेली वाळू कठीण असते.

जुन्या मोटारीच्या इंजिनातही तेच घडते. तेल अडवणाऱ्या रबरी सीलच्या ओठात धूळ रुतते आणि ओठाचाच निसणा होतो! क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. हळूहळू पोलादावर खाच पडते, तेल गळते. आता नुसते नवे सील काय करणार? कारागीर ते किंचित सरकवून कोऱ्या जागेवर टेकवतात, किंवा खाचेवर सुमारे ०.२५ मिलिमीटर जाडीची पोलादी स्लीव्ह चढवतात.

खाच पॉलिश पेपरने घासून काढावी, असे वाटते ना? थांबा. ओरखडे मळसूत्रासारखे तिरपे उमटले, तर फिरता शाफ्ट स्क्रूप्रमाणे तेल बाहेर ढकलू शकतो.