पंधरावा खेळाडू कुठून आणायचा?

समजा, रविवार आहे. शेजारच्या गावाशी मॅच आहे. टीमला पंधरा जण लागतात आणि तुम्ही मोजता तर तेराच. एक जण नोकरीसाठी डब्लिनला गेलाय, दुसरा ऑस्ट्रेलियाला. बरं, पलीकडच्या गावातला चांगला प्लेयर उसना आणावा, तर ते चालत नाही. ज्या गावात राहता, त्याच गावाकडून खेळायचं. आता काय कराल?

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत हा प्रश्न वर्षानुवर्षं दर रविवारी पडत आलाय. मला तो कळला एका व्हिडिओ कॉलवर. माझा मावसभाऊ गॉलवेला एमएस करतोय आणि एका आजींच्या घरी भाड्याने राहतो. आजी सत्तरी ओलांडलेल्या, शेजारच्या मेयो काउंटीतल्या एका छोट्या गावच्या. दादा त्यांना सरळ नावाने हाक मारतो. तिकडे तसंच चालतं म्हणे. मला काही ते जमेना, मी आपलं 'आजी'च म्हणाले. आजी म्हणजे काय हे दादाने त्यांना सांगितलं, तेव्हा त्या जाम खूश झाल्या. दहा मिनिटांचा कॉल पुढे दीड तास चालला. विषय एकच, गावातलं फुटबॉल.

थांबा, हे मेस्सीवालं फुटबॉल नाही. हे गेलिक फुटबॉल. बॉल गोलच, पण हातात धरलेला चालतो. मात्र घेऊन पळत सुटायचं नाही. चार पावलं झाली की तो जमिनीवर टप्पा मारून परत घ्यायचा, नाहीतर पायाच्या बोटांवरून उडवून पुन्हा हातात झेलायचा. गोलपोस्ट इंग्रजी 'एच'सारखा. आडव्या दांडीच्या वरून बॉल गेला की एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. २०२५पासून लांबून मारलेल्या किकला दोन पॉइंट मिळायला लागलेत. याचाच भाऊ म्हणजे हर्लिंग. त्यात ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची चपटी काठी आणि छोटा टणक बॉल असतो. बॉल इतका जोरात येतो की २०१०पासून हेल्मेट सगळ्यांनाच सक्तीचं झालं. २०१८मध्ये युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे खेळ सांभाळते ती 'गेलिक ॲथलेटिक असोसिएशन', तिकडच्या भाषेत नुसतं 'जीएए'. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मूठभर लोक जमले आणि संघटना स्थापन झाली. पुढाकार होता मायकल क्युसॅक या शिक्षकाचा. आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. खेळही त्यांचेच आणि नियमही त्यांचेच. आपले खेळ आपण जपायचे, हा त्यामागचा विचार. याची किंमतही मोजावी लागली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात मॅच चालू असताना ब्रिटिशांच्या फौजेने गोळीबार केला. १४ जण गेले. त्यात टिपरेरीकडून खेळणारा मायकल होगन होता. आज त्याच स्टेडियममधल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे.

क्रोक पार्कमध्ये आता ८२ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. फायनलला ते खचाखच भरतं. आता मला सर्वांत भारी वाटलेली गोष्ट ऐका. या ८२ हजार लोकांसमोर खेळणाऱ्यांना मॅचचे पैसे मिळत नाहीत. प्रवासखर्च वगैरे मिळतो, पण मानधन नाही. रविवारी टीव्हीवर दिसलेला हिरो सोमवारी शाळेत गणित शिकवत असतो किंवा गोठ्यात दूध काढत असतो. लिलाव नाही, खरेदी-विक्री नाही. बहुतेकांचा क्लब जन्मासोबतच ठरतो. तिकडे चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात. साधारण एक पॅरिश म्हणजे एक क्लब. असे दोन हजारांहून जास्त क्लब त्या एवढ्याशा बेटावर आहेत.

आता आजींच्या गावात चला.

मैदान म्हणजे एका शेतकऱ्याचं कुरण. मॅचच्या आधी गाई बाहेर काढायच्या आणि त्यांनी मागे ठेवलेलं फावड्याने उचलायचं. हे काम लहान मुलांचं. चेंजिंग रूम नव्हती. दगडी बांधाच्या आडोशाला कपडे बदलायचे. पाऊस असला तर कोट त्याच बांधावर पालथे टाकायचे. मेयोत पाऊस नसतो असा दिवस शोधावा लागतो, असं आजींचं म्हणणं. रविवारी आधी चर्च, मग जेवण, मग मॅच. संध्याकाळी अंधार पडायला लागला की प्रॅक्टिससाठी गाड्या मैदानाकडे तोंड करून उभ्या करायच्या आणि हेडलाइट लावायचे. गाड्या तरी किती? तीन!

जर्सी खेळाडूच्या मालकीची नसायची. क्लबचा एकच सेट, एका बॅगेत. मॅच संपली की चिखलाने जड झालेली ती बॅग कुणाच्या तरी घरी धुवायला जायची. लग्नानंतर कित्येक वर्षं ती आजींच्या घरी येत होती. पंधरा जर्सी तारेवर वाळत टाकल्या की गावाला कळायचं, काल मॅच झाली. किती फाटल्यात त्यावरून कशी झाली तेही कळायचं.

तुम्ही स्वतः खेळायचात का, असं मी विचारलं. त्या हसल्या. त्यांच्या शाळेच्या दिवसांत मुलींना फुटबॉल खेळायला कुणी बोलावतच नव्हतं. सँडविच करायची, चहा द्यायचा, जर्सी धुवायच्या. महिलांच्या गेलिक फुटबॉलची संघटना स्थापन झाली ती १९७४मध्ये. थर्ल्समधल्या त्याच हॉटेलात, नव्वद वर्षांनी! तोवर आजींचं लग्न झालं होतं.

फायनलचा दिवस मात्र सगळ्यांचा. तेव्हा फायनल सप्टेंबरमध्ये व्हायची, आता ती जुलैमध्ये होते. आजींच्या लहानपणी गावात रेडिओ मोजकेच. ज्याच्याकडे असेल तो खिडकीत आणून ठेवायचा आणि बाकीचे अंगणात. मायकल ओहेहिर या कॉमेंटेटरचा आवाज आला की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबायचं, असं त्यांच्या वडिलांचं म्हणणं. वडील १९४७ची गोष्ट नेहमी सांगायचे. त्या वर्षी फायनल चक्क न्यूयॉर्कला झाली. आयर्लंडबाहेर झालेली ती एकमेव फायनल. कॅव्हन विरुद्ध केरी. रेडिओसाठी भाड्याने घेतलेल्या लाइनची वेळ संपत आली, पण मॅच काही संपेना. ओहेहिरने ऑन एअर विनवण्या केल्या, जो कोणी ऐकत असेल त्याने अजून पाच मिनिटं लाइन तोडू नका. लाइन तुटली नाही. कॅव्हन जिंकलं.

फायनल न्यूयॉर्कला का? कारण निम्मं आयर्लंड तिकडेच होतं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १८४५पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. त्यानंतर जाणं थांबलंच नाही. एकट्या १९५०च्या दशकात जवळपास चार लाख लोक बाहेर पडले. मेयोचे आकडे बघा. १८४१मध्ये लोकसंख्या होती सुमारे ३ लाख ८९ हजार. २०२२च्या जनगणनेत १ लाख ३८ हजारांच्या आसपास. आजींचे वडील इंग्लंडमध्ये बांधकामावर जायचे, भाऊ गेला तो परत आलाच नाही. म्हणून खेड्यातल्या क्लबचा जुना फोटो बघताना तिकडची माणसं मॅच कोण जिंकलं हे विचारत नाहीत. यातला कोण कुठे गेला, हे सांगत बसतात. आजींच्या घरी असा एक फोटो भिंतीवर आहे. दादाने फोन त्याच्यासमोर धरला. आजींनी बोट ठेवत ठेवत सांगितलं, हा लंडन, हा बोस्टन, हा शिकागो, हा वारला, हा लंडन. गावात राहिलेले चार.

मेयोच्या नशिबात आणखी एक भानगड आहे. १९५१मध्ये मेयोच्या पुरुष संघाने ऑल आयर्लंड कप जिंकला. गोष्ट अशी सांगतात की जल्लोष करत परतताना फॉक्सफर्ड गावात त्यांना एक अंत्ययात्रा लागली आणि हे थांबले नाहीत. तिथल्या पाद्र्याने शाप दिला, या टीममधला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो पुन्हा जिंकणार नाही. याला पुरावा काही नाही. पण १९८९ ते २०२१ या काळात मेयो ११ वेळा फायनलला गेलं आणि अकराही वेळा हरलं! २०२१ची फायनल सप्टेंबरमध्ये हरले आणि त्याच महिन्यात १९५१च्या टीममधले शेवटचे हयात खेळाडू, पॅडी प्रेंडरगास्ट, वारले. आता तरी शाप सुटला का, असं मी विचारलं. आजींचा शापावर विश्वास नाही. त्यांचं उत्तर साधं होतं. मेयोच्या मुलींनी १९९९ ते २००३मध्ये चार वेळा कप आणला, त्यांना कुठे कुणाचा शाप लागला?

मग आवाज जरा खाली आला. त्यांच्या गावच्या क्लबची मुलांची टीम आता एकट्याने उभी राहत नाही. शाळेत पोरंच नाहीत. काही वर्षं तेरा-तेरा जणांच्या स्पर्धेत खेळून पाहिलं. काही ठिकाणी तर नऊ-नऊ जणांच्याही मॅच होतात. शेवटी शेजारच्या गावाबरोबर एकत्र टीम केली. बाहेरच्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण हे तेच शेजारचं गाव, ज्याला हरवायचं म्हणून तीन पिढ्या चिखलात लोळल्या. एकत्र टीमची मीटिंग झाली तेव्हा दोन्ही गावची म्हातारी माणसं हॉलच्या दोन टोकांना बसली होती. जर्सीचा रंग कोणता, यावर तास गेला. शेवटी दोन्ही रंग घेतले.

आजींचा मुलगा आज सिडनीत आहे. तिथेही गेलिक क्लब आहे आणि तो तिथे लहान मुलांना शिकवतो. मुलगी मात्र गावातच राहिली. तिची लेक चौदा वर्षांखालच्या एकत्र टीममधून खेळते. आजी शनिवारी गॉलवेहून बस पकडून मॅचला जातात. जर्सी धुवायला घेता का, असं दादाने चिडवलं, तर म्हणाल्या, आता प्रत्येकीची आपापली असते, मी फक्त ओरडायला जाते.

तुम्ही म्हणाल, मेयोचं फुटबॉल आणि आपला काय संबंध? एक धागा तर सरळ आहे. लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि त्याआधी २०११ ते २०१४ या काळात क्रीडा खातं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या वडिलांचं गाव वराड, मालवण तालुक्यातलं. माझ्या बाबांचं गावही त्याच तालुक्यात. दुसरा धागा मला कॉल संपता संपता सापडला.

आजींनी विचारलं, तुमच्या गावात काय खेळतात? मी म्हटलं, कबड्डी. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की वाडीवाडीच्या मॅच होतात. किती जण लागतात? सात, मी म्हटलं. त्या खळखळून हसल्या. सात! मग तुमचं बरं आहे, सात तर कुठूनही जमतील.

कॉल ठेवल्यावर मी बाबांना विचारलं, या वर्षी आपल्या वाडीची टीम आहे ना? बाबा बोटांवर मोजायला लागले. धाकटे काका, त्यांचा मुलगा, समोरच्या घरातले दोघे भाऊ, पुण्याचा एक, रजा मिळाली तर.

पाच झाले. सहाव्या बोटावर ते थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बघताय काय, मुलींची मॅच ठेवा, मी येते.