धाव चढवलेलं काँक्रीट

कोल्हापुरात पंचगंगेवर एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत शिवाजी पूल उभा राहिला, तेव्हा दगडी पुलाला एकच आकार शोभत होता: कमान. दगड दाब वाटेल तेवढा सोसतो, ताण मात्र त्याला मुळीच झेपत नाही. म्हणून प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्याला रेटत राहील, अशी ती रचना. पुढे पुलांची पाठ सरळ झाली, खांबांमधली अंतरं वाढली. ताणाला कमकुवत माल दाबातच ठेवायचा, हा धडा मात्र बदलला नाही.

सरळ तुळईवर भार आला की तिची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दगडाच्याच जातीचं, ते खालून तडकतं. यावरचा उपाय बैलगाडीच्या चाकात फार पूर्वीपासून होता. लाकडी चाक जुळलं की लोखंडी धाव भट्टीत लाल करायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चरचरत धाव आकसते. पाटे, आरे, तुंबा एकमेकांत आवळले जातात. पहिला खड्डा लागण्याआधीच चाक दाबात असतं.

युजीन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्यानं १९२८ मध्ये काँक्रीटसाठी याच कल्पनेचं पेटंट घेतलं. आधीचे प्रयत्न फसले होते. काँक्रीट सुकताना आणि दाबाखाली वर्षानुवर्षं आकसतं, त्यात साध्या सळईला दिलेला जेमतेम ताण विरून जायचा. फ्रेसिनेनं अतिकणखर पोलादी तार घेतली आणि ती इतकी ताणली, की आकसणं वजा जाऊनही पुरेसा ताण शिल्लक राहावा. भारतात चेंगलपट्टूजवळचा पालार नदीवरचा १९५४ चा पूल हा या तंत्राच्या सुरुवातीच्या मोठ्या पुलांपैकी एक.

कोल्हापूरकरांच्या रोजच्या नजरेत मात्र हे काँक्रीट पुलापेक्षा लहान रूपांत आलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ची; आज त्या रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आहेत. एखाद्या स्लीपरचं टोक जवळून पाहावं. तिथे गंजाचे बारीक ठिपके दिसतात. ती कापलेल्या तारांची तोंडं. देशभर वापरात असलेल्या नेहमीच्या ब्रॉडगेज स्लीपरमध्ये ३ मिलिमीटरच्या तीन तारांचा एक पीळ, असे १८ पीळ असतात. तारा आधी साच्यात ताणतात, मग काँक्रीट ओततात आणि ते कडक झालं की तारा सोडतात; त्या आकसू पाहतात आणि काँक्रीटला दाबात ठेवतात. आकारही हिशोबाचा: रुळाखाली जाड, मध्ये कमी उंचीचा. रुळाखाली ताण तळाला येतो, मध्यभागी तो माथ्याला येतो, म्हणून पीळ वर-खाली विभागलेले.

शेताच्या बांधावरचा निमुळता, चौकोनी सिमेंटचा विजेचा खांब याच घराण्यातला. वारा कुठल्याही बाजूनं येणार, म्हणून त्याच्या तारा दोन्ही अंगांना. पाण्याच्या नळाला तर अक्षरशः धावच चढते: काँक्रीटच्या नळाभोवती ताणलेली तार गुंडाळायची, म्हणजे आतल्या पाण्यानं तो फाकू नये. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनं असे नळही बनवले.

पुलांवर रूढ झालेला पीएससी गर्डर, म्हणजे अशा आधीच ताण दिलेल्या काँक्रीटची तुळई, इंग्रजी 'आय'सारखा दिसतो. माल वर आणि खाली लागतो, मध्ये दोघांना जोडणारी बारीक कंबर पुरते. वळणावर पूल पिळवटतो, तिथे आतून पोकळ पेटीचा आकार सरस. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलं की कोकण रेल्वेचा पानवल पूल लागतो. ६४ मीटर उंचीवर ही पेटी एका टोकाला टप्प्याटप्प्यानं ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेली. खाली दरीत आधार उभारावे लागले नाहीत. या साऱ्या मागोव्यात इतकं देखणं काम दुसरं सापडत नाही.

धक्काही शेजारीच बसला. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. खाऱ्या हवेत आतल्या ताणलेल्या तारांना गंज चढला होता. दगडी कमानीचा सैल चिरा डोळ्यांना दिसतो. काँक्रीटमध्ये बुजलेली तार दिसत नाही. म्हणून पुलाच्या काँक्रीटमध्ये तारा ज्या नळ्यांतून ओवतात, त्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, पोकळी न ठेवता भरणं, हे तारा ताणण्याइतकंच महत्त्वाचं काम ठरलं. काही पुलांवर तर तारा काँक्रीटबाहेर, पेटीच्या पोकळीतच ठेवू लागले. तिथे बॅटरी घेऊन माणूस आत शिरतो, तार हातानं चाचपतो, आणि बिघडलेली असली तर बदलताही येते.