वर्गणी पैशांची की आयुष्याच्या तासांची? आंतरजालावरील भूमिका-खेळांविषयी काही विचार



स्वारगेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चे स्थानक उभे राहते. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर अशा जिल्ह्यांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास येणारी कितीतरी तरुण मुले-मुली येथे उतरतात आणि पुढे पेठांतील कॉट बेसिसच्या खोल्यांत, वसतिगृहांत किंवा नातलगांच्या घरी विसावतात. दि. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही स्वारगेटपर्यंत येऊ लागली. शहर नवे, ओळखी थोड्या. अशा वेळी सायंकाळी खोलीवर परतलेल्या तरुणाच्या सोबतीला असतो तो मोबाइल किंवा लॅपटॉप. काहींना त्या पडद्यावर एक निराळेच जग सापडते. तेथे त्यांना नवे नाव मिळते, नवे रूप मिळते आणि सवंगडीही मिळतात. मात्र त्या जगात राहण्यासाठी दरमहा वर्गणी भरावी लागते. ही वर्गणी भरावी काय, हा प्रश्न आज आपल्याही घरांतून विचारला जातो. घाईने ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी हा खेळ मुळात काय आहे, हे समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

या खेळांना भूमिका-खेळ म्हणतात, कारण खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरत असतात आणि आपण संगणक बंद केला तरी ते जग चालूच राहते. १९९७ साली आलेला ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ सालचा ‘एव्हरक्वेस्ट’ हे या प्रकारातील आरंभीचे गाजलेले खेळ. दि. २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सुरू झाला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेल्याचे त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केले. आपल्या देशातही २००० नंतरच्या दशकात ‘लेव्हल अप’ या कंपनीने ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ हा खेळ आणला होता. पुढे ती सेवा बंद झाली. आज ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणि ‘फायनल फँटसी चौदा’ हे वर्गणीवर चालणारे प्रमुख खेळ होत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पालकांच्या मनात त्याविषयी बराच गोंधळ दिसतो. पैसे लावून पैसे जिंकण्याचा खेळ निराळा आणि वर्गणी भरून खेळावयाचा खेळ निराळा. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि दि. २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने पैशांच्या खेळांना मनाई केली; परंतु जे शुल्क पणाच्या स्वरूपाचे नाही, केवळ प्रवेशासाठी आहे, अशा वर्गणीच्या खेळांना मुभा ठेवली. म्हणून वर्गणी भरणाऱ्या मुलास ‘जुगारी’ म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु कायद्याने मुभा दिली म्हणून ती गोष्ट आपल्या हिताची ठरते, असेही नाही. हिताचा निर्णय आपला आपणच करावयाचा असतो.

आता हिशेब पाहू. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची अमेरिकेतील मासिक वर्गणी १५ डॉलरला एक सेंट कमी इतकी आहे. डॉलरचा भाव ८५ ते ९० रुपये धरला, तर महिन्याला सुमारे १,२७५ ते १,३५० रुपये आणि वर्षाला १५ ते १६ हजार रुपये होतात. रोज दोन तास खेळणाऱ्याचे वर्षात ७३० तास होतात. म्हणजे तासाला एकवीस-बावीस रुपये पडले. अडीच तासांच्या चित्रपटाचे तिकीट अडीचशे रुपये असेल, तर तेथे तासाला शंभर रुपये पडतात. हा हिशेब मांडून तरुण मुले म्हणतात, “पाहा, हा खेळ किती स्वस्त आहे!”

आकडे बरोबर आहेत. मोजपट्टी मात्र चुकीची आहे. या पद्धतीने मोजले असता जितके अधिक तास घालवावेत तितका खेळ स्वस्त होत जातो. रोज चार तास खेळल्यास तासाचा दर निम्मा होईल. पण त्यात लाभ कोणाचा झाला? येथे खरी किंमत रुपयांत नसून तासांत आहे, आणि तास काही स्वस्त झालेले नाहीत. ७३० तास म्हणजे रात्रंदिवस धरून संपूर्ण एक महिना. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला, तर ९१ दिवस. निक यी या संशोधकाने या शतकाच्या पहिल्या दशकात अशा खेळाडूंची जी स्वेच्छा-पाहणी केली, तीत आठवड्याची सरासरी सुमारे बावीस तास भरली होती. त्या मानाने आमचे दोन तास हे माफकच म्हणावे लागतील.

एवढा वेळ का जातो? त्याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. पहिले कारण असे की, या खेळाला शेवट नाही. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर दि. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात केनियाने वेस्ट इंडीजला पराभूत केले. सामना संपला आणि प्रेक्षक घरी गेले. कादंबरीला शेवटचे पान असते, गाडीला शेवटचा थांबा असतो. भूमिका-खेळात मात्र सर्वांत वरची पातळी गाठल्यावर नवी मोहीम सुरू होते आणि दीड-दोन वर्षांनी नवा खंड येऊन पातळीच वर सरकते. जो खेळ संपतो, त्याची वर्गणीही संपते. म्हणून वर्गणीचा खेळ संपू नये, हे त्याच्या अर्थकारणातच आहे.

दुसरे कारण बक्षिसाची अनिश्चितता. राक्षस मारल्यावर हवी ती तलवार मिळेलच असे नाही. कधी पहिल्याच खेपेस मिळते, कधी पन्नासाव्या खेपेस. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवून दिले होते की, अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळणारे बक्षीस ठरावीक बक्षिसापेक्षा अधिक चिवट सवय लावते. तिसरे कारण रोजची आणि आठवड्याची नेमून दिलेली कामे. ती त्या दिवशी केली नाहीत तर काही तरी हातचे गेले, अशी रुखरुख लागते.

चौथे कारण सर्वांत प्रबळ, आणि ते आहे माणसे. मोठ्या मोहिमेस दहा, वीस, तीस जण लागतात. आरंभीच्या काळी तर चाळीस जण एकत्र येत. त्यासाठी खेळाडूंचे संघ असतात, वेळा ठरलेल्या असतात. वैद्याची भूमिका घेतलेला एक जण आला नाही, तर इतरांची सायंकाळ वाया जाते. म्हणजे ही केवळ करमणूक उरत नाही. ती बांधिलकी होते. त्यातही भारतीय खेळाडूपुढे घड्याळाची अडचण आहे. मध्य युरोपातील संघ त्यांच्या रात्री आठ वाजता जमतो, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजून गेलेली रात्र असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संघ शनिवारी रात्री आठ वाजता जमला, तर हिवाळ्यात पुण्यात रविवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. एका ठिकाणी झोप मोडते. दुसऱ्या ठिकाणी रविवारची मिस्सा. वर्गणी भरण्यापूर्वी संघाची वेळ कोणती, हे विचारावे असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

परंतु दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नॉर्वेमधील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या असाध्य आजाराने चाकांच्या खुर्चीस खिळला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. आपला मुलगा एकाकी जगला, या दुःखात त्याचे आईवडील होते. त्यांनी त्याच्या निधनाची वार्ता आंतरजालावर कळवली आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘इबेलिन’ या नावाने वावरणाऱ्या मॅट्सने कोणाला धीर दिला होता, कोणाला आपल्या मुलाशी पुन्हा बोलते केले होते. संघातील काही सवंगडी अंत्यविधीस आले. २०२४ साली त्याच्या जीवनावरील माहितीपट जगभर पाहिला गेला. ज्याचे पाय चालत नव्हते, त्याला त्या जगात चालता आले आणि इतरांच्या दुःखापर्यंत पोहोचता आले. अशा मैत्रीला खोटी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या जागतिक संपर्क-माध्यम दिनाच्या संदेशात नेमका हाच तोल सांभाळला होता. नव्या साधनांनी जुळणारी मैत्री ही देणगी आहे, हे त्यांनी मान्य केले. आणि ती जोपासताना घरची माणसे, शेजारी आणि रोज भेटणारी माणसे यांच्यासाठी आपण उपलब्ध राहिलो नाही तर ते दुःखद ठरेल, असेही बजावले. मॅट्ससाठी खेळ हे माणसांकडे नेणारे दार होते. ज्याच्यापुढे प्रत्यक्ष दारे उघडी आहेत, त्याने तो खेळ ती दारे लावून घेण्यासाठी वापरला, तर खेळ तोच असूनही फळ उलट मिळते. एकच साधन एका घरी औषध ठरते आणि दुसऱ्या घरी पळवाट.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मते तो चार पायऱ्यांनी करावा.

पहिली पायरी : वर्गणी भरण्याची घाई करू नये. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ विसाव्या पातळीपर्यंत विनामूल्य खेळता येतो. ‘फायनल फँटसी चौदा’च्या विनामूल्य आवृत्तीस तर दिवसांची मर्यादाही नाही. खेळाची गोडी आपणांस खरोखर आहे की केवळ मित्रांच्या आग्रहाची भीड, हे तेवढ्यात कळून येते.

दुसरी पायरी : चार आठवडे वहीत रोजचे तास लिहावेत. किती खेळावयाचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात किती खेळलो, असे दोन रकाने करावेत. दोहोंतील अंतर वाढत असेल, तर उत्तर आपल्या हातानेच लिहिले गेले आहे.

तिसरी पायरी : ते तास कोठून आले, ते पाहावे. रिकाम्या वेळेतून किंवा निरर्थक रिळे पाहण्याच्या वेळेतून आले असतील, तर विशेष हानी नाही. कदाचित लाभच आहे. झोपेतून, अभ्यासातून, आईला करावयाच्या फोनमधून किंवा प्रार्थनेतून आले असतील, तर महिन्याचे तेराशे रुपये ही किंमत दिसते त्याहून फार मोठी आहे.

चौथी पायरी : वर्गणी आपोआप कापली जाऊ देऊ नये. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आवर्ती रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना मिळते आणि ती थांबवताही येते. ती सूचना वाचून दर महिन्याला ‘पुढचा महिना हवा का?’ असे स्वतःस विचारावे. प्रश्न महिन्याला एकदा विचारला गेला, की सवय ही पुन्हा निवड होते.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाला ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी त्याच्या शेजारी अर्धा तास बसून तो काय करतो ते पाहावे. त्याच्या संघातील मित्रांची नावे विचारावीत. मोहीम रंगात असताना वायर उपटणे म्हणजे त्याला चारचौघांत तोंडघशी पाडणे होय. वेळ आधी ठरवावी आणि ठरल्यावर ती दोघांनीही पाळावी. शिवाय ‘मोफत’ या शब्दास भुलू नये. वर्गणीच्या खेळात निदान आकडा ठरलेला असतो. फुकट म्हणविणाऱ्या अनेक खेळांत पोशाख, शस्त्रे आणि नशिबाच्या पेट्या विकून किती पैसे जातील, याला धरबंद राहत नाही.

आणि धोक्याची खूण कोणती? जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे दि. १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळाच्या विकाराची तीन लक्षणे सांगितली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. ही अवस्था साधारणपणे बारा महिने टिकली, तरच निदान केले जाते. म्हणजे परीक्षा संपल्यावर दोन दिवस सलग खेळणारा मुलगा आजारी नव्हे. परंतु ही लक्षणे दिसू लागल्यास वर्षभर वाट पाहू नये. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे, आणि केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. साहाय्य मागण्यात कमीपणा नाही.

शेवटी, वाचकहो, खेळ हा माणसाचा हक्क आहे. अंगमेहनत करणाऱ्याला विसावा हवा, तसा बुद्धी शिणवणाऱ्यालाही हवा. प्रश्न एवढाच की, तो विसावा घेऊन आपण ताजेतवाने होऊन उठतो की अधिक थकून. ताजे होऊन उठत असाल, तर वर्गणी खुशाल भरावी आणि मनात अपराधाची भावना न ठेवता खेळावे. थकून उठत असाल, तर एक महिना थांबून पाहावे. पात्र जेथे ठेवले होते तेथेच सापडेल. शेजारच्या खोलीत जेवणासाठी थांबलेले माणूस मात्र रोज थांबेलच असे नाही.