मुलांची उंची आणि शिक्षकाची मोजपट्टी

बिबवेवाडी ही एके काळी पुण्याबाहेरची वाडी. आज ती शहरात सामावून गेली आहे. परंतु वाडी असो वा शहर, वर्गातील ठेंगण्या मुलास सोबत्यांकडून चिडविले जाते आणि त्याचे पालक उंची वाढविणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींस भुलतात, हे चित्र सर्वत्र सारखेच आहे. यात पैसा तर जातोच. पण त्याहून मोलाचा असा उपचाराचा काळ निघून जातो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरवृद्धीची चार कारणे सांगितली आहेत : कालयोग, स्वभावसंसिद्धी, आहारसौष्ठव व अविघात. योग्य वय, उपजत प्रकृती, उत्तम आहार आणि वाढीच्या आड येणाऱ्या गोष्टींचा अभाव, असा त्यांचा सामान्य अर्थ होय.

यांतील 'काल' कसा कार्य करतो, हे आधुनिक शास्त्राने उलगडून दाखविले आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. तेथे हाड लांबत जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीतून वृद्धिसंप्रेरक स्रवते. गाढ निद्रेत त्याचा स्राव विशेष होतो. गळ्यातील अवटुग्रंथीचा स्रावही वाढीस आवश्यक असून, त्यासाठी आहारात आयोडीन लागते. तारुण्यारंभी लैंगिक संप्रेरके प्रथम वाढीस वेग देतात आणि पुढे तीच ती पट्टी बंद करतात. मुलींत हे सामान्यतः मुलांच्या आधी घडते. पट्टी एकदा बंद झाली की कोणतेही चूर्ण, गोळी वा व्यायाम हाड लांबवू शकत नाही. अश्वगंधेसारखी वनस्पती आयुर्वेदाने बल्य म्हटली आहे. प्रौढाची उंची वाढविणारी नव्हे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत शरीराच्या उंचीचाही समावेश आहे. म्हणून अशी जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे.

येथे शिक्षकाचे कार्य सोपे पण महत्त्वाचे आहे. भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी आखावी. मुलास अनवाणी, टाचा भिंतीस टेकवून व नजर समोर ठेवून उभे करावे आणि दर सहा महिन्यांनी नोंद करावी. चार वर्षांनंतर तारुण्यारंभापर्यंत मूल वर्षास साधारणतः पाच ते सहा सेंटीमीटर वाढते. वाढ चार सेंटीमीटरांहून कमी दिसल्यास, किंवा आठ वर्षांच्या आत मुलीत अथवा नऊ वर्षांच्या आत मुलात तारुण्याची चिन्हे दिसल्यास, पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. अवटुग्रंथीची मंदता वेळीच कळल्यास तीवर उपचार होतो व खुंटलेली वाढ बरीचशी भरून निघते.

आईबाप ठेंगणे असल्यास मूलही ठेंगणे असू शकते. तो रोग नव्हे. अशा मुलास चिडविणे वर्गात थांबवावे. डाळ, दूध, अंडी, भाजी, आयोडीनयुक्त मीठ, खेळ आणि पुरेशी झोप यांचे महत्त्व पालकसभेत समजावून द्यावे. वाढीचा काळ परत येत नाही. म्हणून वहीतील सहामाही नोंद ही केवळ आकड्यांची रांग न समजता मुलाच्या आरोग्याची राखण समजावी.