उडती ठेवलेली जुनी विमाने

मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास हा माझा विषय, आणि विमानात मी अजून पाऊलही ठेवलेले नाही. तेव्हा विमानांवर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे वाचकांनी विचारले तर उत्तर देणे कठीणच आहे. पण गेल्या वर्षी कॉलेजच्या सहलीत गोव्याला, दाबोळी विमानतळाजवळचे नौदलाचे विमान संग्रहालय पाहिले आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे.

तिथे उघड्या आवारात 'सी हॉक' नावाचे एक लहानसे जेट विमान उभे आहे. १९६१ साली आपल्या नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून अशीच विमाने उडत. डिसेंबर १९७१ च्या युद्धात त्यांनीच कॉक्स बझारवर हल्ले केले. बरोबरचे मित्र फोटो काढून समुद्राकडे पळाले. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण मला आमच्या विहिरीवरचे डिझेल एंजिन आठवले. विजेची मोटर आली, एंजिन बंद झाले, आणि दोन पावसाळ्यांत ते असे धरले की पुन्हा हललेच नाही. आमचे अण्णा शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण एंजिनातले त्यांना कळते. ते म्हणतात, "चालून झिजत नाही तेवढं ते उभं राहून मरतं."

मग जुनी विमाने उभी का ठेवायची? उडती ठेवता येत नाहीत का?

ग्रंथालयात शोध घेतला तेव्हा कळले की इंग्लंडात हा उद्योग खरोखरच चालतो. तिथल्या नौदलाने १९७२ साली सॉमरसेट परगण्यातील यॉव्हिल्टन येथे जुनी विमाने उडती ठेवण्यासाठी एक स्वतंत्र पथकच काढले. २०१९ साली ते बंद झाले आणि विमाने एका धर्मादाय न्यासाकडे गेली. आता लोकांच्या देणग्यांवर हे काम चालते.

त्यांच्याजवळचे सर्वांत नवलाचे विमान म्हणजे 'स्वोर्डफिश'. एकावर एक असे दोन पंख, अंगावर बरेचसे कापड, बसायला उघडी जागा, आणि वेग ताशी जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच ते जुनाट ठरले होते. पण नोव्हेंबर १९४० मध्ये अशा २१ विमानांनी टारांटो बंदरात रात्री शिरून इटलीच्या तीन मोठ्या युद्धनौका निकामी केल्या. मे १९४१ मध्ये 'आर्क रॉयल' नौकेवरून उडालेल्या स्वोर्डफिशच्या एका पाणतिराने जर्मनांच्या 'बिस्मार्क'चे सुकाणू अडकवले आणि ती अजस्र नौका जागच्या जागी फिरू लागली. उलट बाजूही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी १९४२ मध्ये इंग्लिश खाडीत जर्मन नौकांवर गेलेली सहाच्या सहा विमाने पडली, आणि १८ जणांपैकी १३ जण परतले नाहीत.

त्यांतील डब्ल्यू ५८५६ या क्रमांकाचे विमान पहिल्यांदा उडाले २१ ऑक्टोबर १९४१ रोजी. युद्धानंतर ते कॅनडात होते. परत आणून वर्षानुवर्षे दुरुस्ती केल्यावर १९९३ साली ते पुन्हा आकाशात गेले. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे पंखांच्या आतल्या पोलादी तुळयांना गंज लागल्याचे आढळले आणि विमान पुन्हा जमिनीवर आले. नवे पंख बाजारात मिळत नाहीत. एका मोठ्या विमान कंपनीने ते मुद्दाम तयार करून दिले, आणि त्यात कित्येक वर्षे गेली.

नौदलाचे विमान जपणे साध्या विमानापेक्षा अवघड का, हे इथे कळते. ते खाऱ्या वाऱ्यात जगलेले असते. खार सांध्यांत शिरतो. आणि सांधे तर नौदलाच्या विमानाला जास्तच, कारण नौकेच्या पोटात मावावे म्हणून त्याचे पंख दुमडावे लागतात. शिवाय डेकवर उतरताना तारेत अडकवण्यासाठी शेपटीखाली आकडा असतो. दर उतरण्याला सारा सांगाडा हिसका खातो.

एंजिन सुरू करण्याची रीत वाचून तर मला फार आनंद झाला. स्वोर्डफिशच्या एंजिनाचे नऊ सिलिंडर चक्रासारखे गोल बसवलेले असतात. विमान उभे असले की तेल खालच्या सिलिंडरांत उतरते. तसेच एंजिन फिरवले तर आतले दांडे वाकतात. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून पाहतात. मग दोन माणसे बाजूला चढून हँडल मारतात, आतले जड चाक गरगर फिरू लागते, आणि त्या वेगाला एंजिन जोडले की धुराचा लोट निघतो. आमच्या विहिरीवर अण्णा हँडल मारत आणि मी दट्ट्या पाडी, तसेच हे!

आता दुसरी बाजू. १९८९ साली याच पथकाच्या 'सी फ्युरी' विमानाचे एक चाक उतरेना. वैमानिक छत्रीने उडी मारून वाचला, विमान समुद्रात गेले. जुलै २००३ मध्ये डक्सफर्डच्या कार्यक्रमात 'फायरफ्लाय' कोसळले आणि आतील दोघेही ठार झाले. हे वाचल्यावर माझा उत्साह ओसरला. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून दोन जीव? इतिहासाच्या आमच्या सरांशी बोललो. ते म्हणाले, "मोडलेले विमान म्हणजे जळालेले कागदपत्र. संग्रहालयातले निदान उद्या पाहता येते." सरांचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही. तरी मला वाटते, एकाच जातीची दोन विमाने उरली असतील तर एक जपून उभे ठेवावे आणि दुसरे उडवावे. कारण ते उडवायचे म्हटले की हँडल मारणारा, कापड ताणून शिवणारा, तेलाचा आवाज ओळखणारा माणूसही तयार करावा लागतो. नुसत्या उभ्या विमानाला पुसायला फडके पुरते.

आणि उभे ठेवणे तरी आपल्याला कुठे जमले? 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये तेही बंद झाले आणि २०१४ साली दारूखान्यात ती तोडली. गोव्याच्या त्या सी हॉकचे घरच आपण भंगारात घातले. त्या वेळी मी शाळेतही जात नव्हतो, तेव्हा राग कोणावर करू?

दिवाळीच्या सुट्टीत घरी हे सारे अण्णांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलो तर त्यांनी एंजिनावरचा पत्रा काढला होता आणि नोझलच्या भोकातून रॉकेल सोडले होते. म्हणाले, "चार दिवस मुरू दे. मग चाकाला दोघं मिळून जोर लावू." सुट्टी तीनच दिवस उरली होती.