परक्या घरातील धडे

अमेरिकेत १९६१ साली 'पीस कोर' ही संस्था स्थापन झाली. तिचे स्वयंसेवक परदेशात राहून दोन वर्षे सेवा करतात. मोरोक्को देशात ते प्रथम १९६३ साली गेले. सेवेपूर्वी सुमारे तीन महिने प्रशिक्षण असते. या काळात प्रशिक्षणार्थी तेथील एखाद्या कुटुंबात राहतो.

दिवसा तो वर्गात 'दारिजा' ही बोलीभाषा शिकतो. परंतु खरे शिक्षण घरी होते. सारे कुटुंब एकाच मोठ्या ताटाभोवती बसते. 'बिस्मिल्लाह' म्हणून प्रत्येक जण आपल्या समोरचाच घास घेतो. शुक्रवारी गव्हाच्या रव्याचा 'कुसकुस' असतो. मग पुदिन्याचा गोड चहा येतो. भांडी आवरताना, चहा ओतताना नवे शब्द कानांवर पडतात. पुस्तकाला तेथे 'क्ताब' म्हणतात. म्हणजे उर्दूतील 'किताब'च!

शिकलेला असूनही तो लहान मुलासारखा चुकतो. घरातील मुले हसतात आणि तीच त्याला बरोबर शब्द सांगतात. त्याला लाज वाटते, घरची आठवण येते. पण तो तोंड मिटून बसला, तर पुढे गावात सेवा कशी करणार?

मित्रांनो, दुसऱ्याच्या उपयोगी पडायचे, तर आधी त्याची भाषा शिकावी लागते. मग मराठी बोलताना आपण चुकलो, तर संकोच कशाला?